पाळीव समुद्रघोडा ठेवायचाय किंवा दुसऱ्याला द्यायचाय? परवाने, पात्रता आणि कागदपत्रे

समुद्रघोडा मासाच आहे, पण गोल्डफिश जसा पिशवीत घालून कुणालाही देऊन टाकता येतो तसा हा देता येत नाही. हिप्पोकॅम्पस, म्हणजे समुद्रघोड्यांच्या वंशातल्या सगळ्या जाती सायटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. २००२ साली चिलीतल्या सँटियागोच्या परिषदेत हा निर्णय झाला आणि १५ मे २००४ पासून तो लागू झाला. परिशिष्ट २ मधल्या प्राण्याच्या व्यापारावर सरसकट बंदी नसते, मात्र परवान्याशिवाय त्याला देशाची सीमा ओलांडता येत नाही. घरात ठेवायचा की नाही, हे प्रत्येक देशाचा आपापला कायदा ठरवतो.

आधी हे तपासा

टाकी, पंप, मीठ यांची खरेदी नंतर. आपल्या देशात समुद्रघोडा बाळगायला मुळात परवानगी आहे का, हा पहिला प्रश्न. भारतात २००१ साली समुद्रघोड्यांचं अख्खं कुळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आणलं गेलं. तिथे समुद्रातून पकडलेला समुद्रघोडा विकणं किंवा बाळगणं हा गुन्हा ठरतो, मग विकणारा काहीही सांगो. युरोपीय संघात तो पाळता येतो, पण बाहेरून आणताना निर्यात परवान्याच्या जोडीला आयात परवानाही लागतो. काही ठिकाणी नोंदणी सक्तीची असते. चौकशी दुकानदाराकडे न करता आपल्या देशाच्या सायटिस व्यवस्थापन प्राधिकरणाकडे करावी. हे काम बहुतेक देशांत वन, पर्यावरण किंवा मत्स्य खात्याकडे असतं.

बिलावर काय हवं

पुढे प्राणी दुसऱ्याला देताना सगळं अडतं ते इथेच. बिलावर 'पिवळा समुद्रघोडा, २ नग' एवढंच असेल तर त्याचा उपयोग शून्य, कारण हा प्राणी रंग बदलतो. आज पिवळा दिसणारा महिन्याभरात तपकिरी झालेला असू शकतो. शास्त्रीय नाव पूर्ण हवं: हिप्पोकॅम्पस इरेक्टस, हिप्पोकॅम्पस रीडी, जे असेल ते. पैदास करणाऱ्याचं नाव, तारीख, नग, आणि प्राणी परदेशातून आलेला असेल तर सायटिस परवान्याचा क्रमांक. त्या परवान्यावर प्राण्याच्या उगमाचं एक अक्षरही असतं. 'डब्ल्यू' म्हणजे समुद्रातून पकडलेला, 'सी' म्हणजे सायटिसच्या व्याख्येत बसणारी बंदिस्त पैदास, 'एफ' म्हणजे बंदिस्त जागेत जन्मलेला पण त्या व्याख्येत पूर्ण न बसणारा. माझं मत विचाराल तर 'डब्ल्यू' असलेला घेऊच नका. समुद्रातून आलेला बहुधा जिवंत खाद्याशिवाय तोंड उघडत नाही. टाकीत वाढलेला मात्र फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) मुकाट्याने खातो.

बिलासोबत फोटो ठेवा. समुद्रघोड्याच्या डोक्यावर जो छोटासा मुकुट असतो, त्याची ठेवण प्रत्येकाची निराळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. दोन्ही बाजूंनी जवळून काढलेला मुकुटाचा फोटो आणि मागे तारीख, एवढ्यावर हाच तो प्राणी हे दाखवता येतं.

देशातल्या देशात द्यायचा असेल तर

सायटिसचा परवाना सीमा ओलांडतानाच लागतो. देशातल्या देशात प्राणी देताना स्थानिक कायदा पाहायचा, आणि जिथे पाळायला परवानगी आहे तिथे कागद फार लागत नाहीत: मूळ बिलाची प्रत, परवान्याची प्रत असल्यास ती, आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सहीचं एक साधं हस्तांतरपत्र. त्यात जात, नग, नर-मादी, फोटो आणि तारीख लिहायची. फुकट देत असाल तरी हे पत्र करा. नोंदणीची सक्ती असेल तर मालक बदलल्याची नोंद करून घ्या. सार्वजनिक मत्स्यालयं घरगुती मासे सहसा घेत नाहीत, रोगाची भीती असते, त्यामुळे 'मत्स्यालयाला देऊन टाकू' हा बेत आधी फोन करूनच आखावा.

घेणाऱ्याची खरी पात्रता कुठल्याच फॉर्मवर नसते. ती तुम्हालाच तपासावी लागते. टाकी मुरलेली हवी, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. उंची निदान ४५ सेंटिमीटर, कारण जोडी जमताना हे प्राणी उभे वर-खाली पोहतात. उष्ण पाण्यातल्या जातींना २२ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. त्याहून पाणी तापलं की जिवाणूंचे रोग उसळतात. शेपटीने धरायला काहीतरी हवं. दंश करणारे फुलासारखे समुद्री प्राणी, म्हणजे अ‍ॅनिमोन किंवा खाद्यावर झडप घालणारे मासे त्याच टाकीत असतील तर सरळ नाही म्हणा. समुद्रघोड्याला जठर नसतं, खाल्लेलं पटकन पुढे सरकतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा खायला द्यावं लागतं. 'सुट्टीवर गेल्यावर कोण खायला घालणार?' या एका प्रश्नावर निम्मे इच्छुक गळतात, आणि गळलेलेच बरे.

सीमेपार न्यायचा असेल तर

निर्यात परवान्यासाठी अर्ज प्राणी जिथून निघतो त्या देशात करायचा. तीन गोष्टी पाहिल्या जातात: प्राणी कायदेशीर मार्गाने मिळवलेला आहे, त्याच्या जाण्याने निसर्गातल्या संख्येला धक्का लागत नाही, आणि प्रवासात त्याचे हाल होणार नाहीत. बंदिस्त पैदाशीचा प्राणी असेल तर तसा दाखला परवान्याच्या जागी चालतो. मूळचा बाहेरून आणलेला असेल तर पुनर्निर्यात प्रमाणपत्र लागतं, आणि इथे जुन्या आयातीचे कागद मागितले जातात. निर्यात परवाना सहा महिने चालतो, तोही एकाच खेपेसाठी. मूळ प्रतीच्या जागी झेरॉक्स चालत नाही. प्राणी पोचल्यावर मागाहून परवाना काढू, हा विचार तर सोडूनच द्या. आरोग्य दाखला लागतो का, आयात परवाना लागतो का, हे पोचायच्या देशात आधीच विचारून घ्या. विमानातून जिवंत प्राणी नेण्याचे आयाटाचे (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे) पॅकिंगचे नियमही पाळावे लागतात.

एक गैरसमज नेहमी कानावर येतो, की चार समुद्रघोडे बिनपरवाना नेता येतात. ती सवलत मेलेल्या, वैयक्तिक सामानातल्या समुद्रघोड्यांसाठी आहे. जिवंत प्राण्याला ती लागू नाही.

नगांचा आकडाही जपा. या कुळात गर्भारपण नराकडे असतं. पोटाखालची पिशवी टम्म फुगलेली दिसली तर पाठवणी पुढे ढकला. वाटेतच प्रसूती झाली तर परवान्यावरच्या दोन नगांसोबत शेकडो पिल्लं हजर होतील, आणि त्यातली जगणार फारच थोडी.

पिशवीत भरताना जाळी वापरू नका. पाण्याबाहेर काढलं की समुद्रघोडा हवा गिळू शकतो. पाण्यातच हाताने अलगद पिशवीत सरकवा, शेपटीने धरायला प्लास्टिकचा छोटा तुकडा द्या. आणि घ्यायला कुणीच तयार नसलं तरी समुद्रात सोडू नका. टाकीतले रोग तिथे जातात, शिवाय अनेक देशांत तो स्वतंत्र गुन्हा आहे. नवं घर मिळेपर्यंत सांभाळणं जमणार नसेल तर ज्याने पैदास केली त्यालाच आधी विचारा. त्याच्याकडे मूळ नोंदी असतात, त्यामुळे कागदही सोपे जातात.