युद्धकालीन पत्रव्यवहार, सोलापूर

परदेशी लढाईवर गेलेले सैनिक, त्यांच्या पलटणींसोबतचे खेचरवाले, भिस्ती, मजूर व डॉक्टर आणि सोलापूर शहर-जिल्ह्यातील त्यांची घरची माणसे यांच्यात दोन महायुद्धांच्या काळात (१९१४–१८ व १९३९–४५) झालेला पत्रव्यवहार. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची चीनमधून आलेली पत्रे (१९३८–४२) काटेकोर अर्थाने यात बसत नाहीत, कारण ते ब्रिटिश हिंदी फौजेत नव्हते. तरीही ते युद्धआघाडीवर होते आणि त्यांचे घर सोलापुरात होते, म्हणून त्या पत्रांचा विचार येथे केला आहे.

पहिल्या महायुद्धातील मराठा पलटणींची भरती मुख्यतः सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतून होई. सोलापूरचा वाटा त्यामानाने लहान. समुद्रापलीकडचे टपाल मुंबईस उतरे व ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने सोलापुरास येई. बार्शीचे टपाल कुर्डुवाडीस उतरून १८९७ मध्ये सुरू झालेल्या छोट्या गाडीने पुढे जाई. घरून पाठवायच्या पत्रावर गावाचे नाव घालता येत नसे. शिपायाचा नंबर, नाव, पलटण व फौजी टपालाचा पत्ता एवढेच लिहायचे. त्यामुळे मुलगा नेमका कोणत्या मुलखात आहे, हे पत्ता लिहिणाऱ्यालाही कळत नसे.

पत्र एकट्याने लिहिण्याची किंवा एकट्याने वाचण्याची सोय फार थोड्यांना होती. १९११ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानात लिहिता-वाचता येणारे पुरुष शेकडा सुमारे १०, तर स्त्रिया शेकडा १ होत्या. आघाडीवर पत्र पलटणीतला एखादा लिहिता येणारा सोबती लिही. गावात ते शाळामास्तर, कुलकर्णी किंवा पोस्टमन वाचून दाखवी आणि उत्तरही बहुधा तोच लिही. बायकोने नवऱ्याला सांगायचे ते सासऱ्यादेखत, परक्या माणसाच्या हातून कागदावर उतरे. ‘तुमचे कृपेकरून येथील सर्व क्षेम’, ‘वडिलांस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ हे ठराविक सांगाडे म्हणूनच या पत्रांत इतकी जागा व्यापतात. त्यांना पोकळ म्हणणे अन्यायाचे होईल. आशीर्वादांच्या यादीत एखादे नाव गळले, तर ऐकणाऱ्यांच्या ते लगेच ध्यानात येई.

लिपीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मुंबई इलाख्यात हाताने लिहायची मराठी दीर्घकाळ मोडी लिपीत चाले, छपाई बाळबोधीत (देवनागरीत) होई. कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध वापरण्याचा निर्णय इलाख्याच्या सरकारने १९१७ मध्ये, म्हणजे ऐन लढाईत, घेतला. खाजगी लिखाणात मात्र जुन्या पिढीने मोडी १९४० च्या दशकापर्यंत सोडली नाही. त्यामुळे केवळ लिपीवरून पत्राचा काळ ठरवणे धोक्याचे आहे. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आडवी रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरे टांगत जातो. शब्दांमध्ये जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, टाक शक्य तितका कमी उचललेला असतो. घाईने लिहिलेल्या कार्डावर गावाचे किंवा आडनावाचे वाचन दोन-तीन तऱ्हांनी होऊ शकते. तिथीवार व इंग्रजी तारीख यांत तफावत दिसल्यास टपालाच्या शिक्क्याला अधिक मान द्यावा, असे प्रस्तुत नोंदकारास वाटते (पहा : मोडी लिपी).

फ्रान्समधील हिंदी सैनिकांचे टपाल तपासण्याचे काम १९१४ पासून ब्रिटिश अधिकारी ई. बी. हॉवेल यांच्याकडे होते. निवडक पत्रांचे इंग्रजी उतारे आठवड्याच्या अहवालांना जोडले जात. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तपासणी होते हे शिपायांना ठाऊक असल्याने आडपडद्याची भाषा रूढ झाली. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, तांबडी मिरची म्हणजे गोरे, ही खूण त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. या उताऱ्यांत सैनिकांचा थेट आवाज ऐकू येतो, असे काही अभ्यासक मानतात. लेखनिक, तपासनीस व भाषांतरकार अशा तीन हातांतून गेलेला मजकूर सैनिकाचा एकट्याचा नव्हे, असे इतर म्हणतात. दुसरे मत अधिक सावध व म्हणून ग्राह्य वाटते. फ्रान्समधील फौजेत उत्तर हिंदुस्थानी शिपायांचा भरणा मोठा होता, तर मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होत्या; साहजिकच या संग्रहात मराठी पत्रे थोडी. शिवाय रोखून न धरलेले मूळ पत्र घराकडे रवाना होई, दप्तरात राही तो इंग्रजी उतारा. सैनिकाची मूळ मराठी शोधायची तर ती लंडनला नव्हे, घरच्या ट्रंकेतच शोधावी लागते.

मेसोपोटेमियातील कूत-अल-अमारा येथे तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात (७ डिसेंबर १९१५–२९ एप्रिल १९१६) १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी अडकल्या. बिनतारी संदेश चालू होते, पण शिपायाच्या घरच्या खुशालीला त्यात जागा नव्हती. शरणागतीनंतर कैद्यांना अनातोलियाकडे (आजच्या तुर्कस्तानात) नेण्यात आले. पत्राची वाट पाहणाऱ्या घरात तार येणे म्हणजे वाईटच, ही समजूत पुढेही दीर्घकाळ टिकली.

दुसऱ्या महायुद्धात पाकिटाची कड कापून तिच्यावर तपासनिसाची छापील इंग्रजी चिकटपट्टी लावलेली असे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तोब्रुकला कैद झाली. सिंगापूरला जपान्यांच्या हाती सापडलेल्यांची पत्रे तर फारच क्वचित येत. १९४३ च्या तपासणी अहवालांत धान्याच्या भडकलेल्या भावांविषयीची सैनिकांची चिंता वारंवार नोंदलेली आहे. शेजारच्या विजापूर जिल्ह्यात १९४२–४३ मध्ये दुष्काळ होता, हे ध्यानात घेता या भागातील शिपायांना ती किती जाचली असेल, हे समजते. मनिऑर्डरीच्या कुपनावर मावतील तेवढ्या दोन ओळी हेच अनेकदा पत्र ठरे.

डॉ. कोटणीस (१० ऑक्टोबर १९१०–९ डिसेंबर १९४२) सोलापूरचे. काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून ते सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघाले. तिकडे असतानाच वडील वारल्याची बातमी त्यांना मिळाली. परत न फिरता काम पुरे करण्याचे त्यांनी ठरवले. १९३९ मध्ये ते येनानला, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्यावर पोहोचले, पुढे त्यांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर जपानी फळीच्या मागील डोंगराळ भागात गेले. त्या भागातून सोलापूरला कागद पोहोचायचा तर जपानी वेढा आणि कुओमिन्तांगची (चीनच्या सत्ताधारी राष्ट्रवादी पक्षाची) नाकेबंदी ही दोन्ही ओलांडायची होती. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशातून चीनला जाणारा बर्मा रोडही तुटला. क्वो छिंगलान यांच्याशी विवाह (१९४१) व मुलगा यिनह्वाचा जन्म (ऑगस्ट १९४२) या आनंदाच्या बातम्या याच तुटक्या वाटेच्या काळातल्या. मुलाच्या नावात ‘यिन’ म्हणजे भारत व ‘ह्वा’ म्हणजे चीन. त्यानंतर चारच महिन्यांच्या आत कोटणीस वारले. १९४३ मध्ये चिनी कम्युनिस्ट नेते चौ एन-लाय यांनी कुटुंबाला सांत्वनपत्र लिहिले. सोलापुरातील कोटणीसांच्या घराचे आता स्मारक झाले आहे.