कोडे घालणे

कोडे घालणे : उत्तर ठाऊक असलेल्याने समोरच्याला आडवळणाच्या प्रश्नाने अडवायचे आणि उत्तर सुटेपर्यंत, किंवा समोरचा हार मानेपर्यंत, ते रोखून धरायचे, असा बरोबरीच्या मंडळींतला बोलका खेळ. प्रदेश बदलला की नाव बदलते. उखाणा, हुमाण, उमाणा, आहणा किंवा आन्हा, कूट ही त्यांतली रुळलेली नावे. नाव कोणतेही असो, क्रियापद बहुधा ‘घालणे’ हेच राहते. उखाणा ‘घालतात’ तेव्हा तो कोडे असतो आणि ‘घेतात’ तेव्हा त्यात नवऱ्याचे किंवा बायकोचे नाव असते. कोडे वाचायचे नसून कोणाला तरी घालायचे असते, ही खूण भाषेनेच जपली आहे. छापील संग्रहांत मात्र ती हरवते, कारण तिथे कोड्याखालीच कंसात उत्तर दिलेले असते.

शब्दांची व्युत्पत्ती : ‘उखाणा’ हा शब्द संस्कृत ‘उपाख्यान’पासून आला असे सामान्यतः मानतात. मधला प्राकृत टप्पा ‘उवक्खाण’ असा धरला की ध्वनींची वाट सरळ लागते, अडचण उरते ती अर्थाची. उपाख्यान म्हणजे उपकथा, आणि उपकथेचे कोडे कसे व्हावे? शेजारच्या भाषा इथे उपयोगी पडतात. नेपाळीत ‘उखान’ म्हणजे म्हण, जुन्या हिंदीत ‘उपखान’चाही अर्थ तोच आणि गुजरातीत ‘उखाणुं’ म्हणजे कोडे. कथा, कथेचे सार सांगणारी म्हण आणि म्हणीसारखे आटोपशीर कूटवचन, असा उतार त्यावरून दिसतो. नाव घेण्याचा अर्थ या तिन्ही भाषांत नाही. तो दिसतो मराठीत, आणि उत्तर कर्नाटकातल्या कन्नड ‘ओडपु’ या शब्दात, ज्याला कोडे आणि लग्नातले नाव घेणे हे दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळे नाव घेण्याचा उखाणा ही कोड्याचीच नंतर फुटलेली शाखा असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. उघड उच्चारायचे नाही ते नाव यमकाच्या आडोशाने ऐकणाऱ्याच्या पदरात टाकणे, ही युक्ती मुळात कोड्याचीच. उलट मत अशक्य नाही, पण त्याला आधार तोकडा पडतो.

‘आहणा’चा संबंध संस्कृत ‘आभाणक’ (म्हण) या शब्दाशी जोडतात. म्हण आणि कोडे यांची सरमिसळ याही शब्दात दिसते. ‘हुमाण’ अधिक वादाचा. त्याची सुचण्यासारखी मुळे तीन : उन्मान (माप, अंदाज), अनुमान आणि उपमान. कोड्यात एका वस्तूवर दुसरीचे रूपक चढवलेले असल्याने ‘उपमान’ पाहताक्षणी पटते, पण पटणारी व्युत्पत्ती आणि खरी व्युत्पत्ती यांत अंतर असू शकते. ‘उन्मान’पासून ‘उम्माण’ आणि त्यापासून ‘उमाण’ हा प्रवास नियमाला धरून आहे. सुरुवातीचा ‘ह’ बोलीतला आगंतुक मानता येतो. ‘अनुमान’चा आद्य ‘अ’ गळाला असे धरावे लागते, म्हणून ते मूळ दुबळे. खुद्द ‘कोडे’ कूट या शब्दापासून आले, की नवल-कौतुक या अर्थाच्या प्राकृत ‘कोड्ड’पासून, याविषयीही दोन पक्ष संभवतात. ‘कोडकौतुक’ या जोडशब्दाकडे पाहता दुसरा पक्ष सहज टाकून देण्यासारखा नाही.

प्राचीन उल्लेख : ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले १६४ वे सूक्त दीर्घतमस ऋषीच्या नावावर असून त्याच्या ५२ ऋचांपैकी बऱ्याच कोड्यासारख्या आहेत. बारा आऱ्यांचे, कधी न झिजणारे चाक आणि त्यावर उभे असलेले ७२० जोडीदार पुत्र, हे चित्र वर्षाचे आहे : बारा महिने, ३६० दिवस आणि ३६० रात्री. ‘एका माणसाला बारा मुलं, काही तापट, काही थंड’ हे मराठी कोडे याच कल्पनेचे घरगुती भावंड म्हणता येईल. एक दुसऱ्यापासून आले असे मात्र त्यावरून ठरत नाही. वर्षाचे बारा तुकडे ज्यांनी पाडले त्यांना हे कुठेही सुचावे.

कोड्याला एकच उत्तर असते, या समजुतीलाही तिथेच तडा जातो. ऋग्वेदात (४.५८.३) चार शिंगांचा, तीन पायांचा, दोन डोक्यांचा आणि सात हातांचा बैल येतो. वेदातल्या शब्दांचे अर्थ लावणाऱ्या यास्काने तो यज्ञ मानला आणि चार शिंगे म्हणजे चार वेद असे सांगितले. व्याकरणकार पतंजलीने तोच बैल शब्द ठरवला : नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (अव्यय) ही शिंगे, तर सात विभक्ती हे हात. दोघांनीही आपापल्या शास्त्राचे उत्तर काढले आणि दोन्ही उत्तरे बसतात.

अश्वमेधातल्या ‘ब्रह्मोद्या’त, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या विधीत, ऋत्विज (यज्ञ करणारे पुरोहित) एकमेकांना प्रश्न घालत. एकटा कोण चालतो? पुन्हा जन्मतो कोण? थंडीवर औषध काय? पेरणीचे मोठे ठिकाण कोणते? सूर्य, चंद्र, अग्नी, भूमी ही त्यांची उत्तरे. वाजसनेयी संहितेतले (अध्याय २३) हे प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत महाभारताच्या वनपर्वातल्या यक्षप्रश्नांत येतात, म्हणजे यज्ञमंडपातले कोडे कथेतही रुळले होते. मात्र ब्रह्मोद्यात उत्तरे दोन्ही बाजूंना पाठ असत, तेव्हा तिथे अडवणूक नव्हती. त्याला या नोंदीच्या अर्थाने ‘घालणे’ म्हणावे का, ही शंका रास्त आहे.

मित्रमंडळींतल्या खेळाचा स्पष्ट उल्लेख काव्यशास्त्रकार दंडीच्या ‘काव्यादर्शा’त (सु. सातवे-आठवे शतक) मिळतो. प्रहेलिकेचे (कोड्याचे) उपयोग त्याने तीन सांगितले : क्रीडागोष्ठीतली (खेळीमेळीच्या बैठकीतली) करमणूक, गर्दीत जाणकारांनी आपसात गुपित बोलणे आणि दुसऱ्याला गोंधळात पाडणे. पूर्वाचार्यांचे म्हणून त्याने सोळा प्रकारही दिले. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत प्रहेलिका आहेच. पुढे चौदाव्या शतकात काव्यशास्त्रकार विश्वनाथाने मात्र प्रहेलिका रसाच्या आड येते म्हणून तिला अलंकार मानायला नकार दिला. काव्यशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण गोष्ठीत बसलेल्यांचे त्यावाचून काही अडले नसावे.

मराठी संतांची कूटे, उदा. ज्ञानदेवांच्या नावावरचे काट्याच्या अणीवर वसलेल्या तीन गावांचे पद, पुष्कळदा कोड्यांतच मोजली जातात. पण त्यांचे उत्तर अंदाजाने काढायचे नसते. सद्गुरूवाचून ते कळत नाही, असे पदच सांगते. म्हणून त्यांचा विचार वेगळा करणे बरे.

लोकपरंपरेतली कोडी : ही बहुतेक दोन चरणांची, यमकाची आणि घर-शेत-स्वयंपाकघर यांतली असतात. ‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया’ (चांदण्या आणि चंद्र). ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ (दात आणि जीभ). ‘तीन पायांची तिपाई, वर बसला शिपाई’ (चूल आणि तवा). दुर्गा भागवत यांनी १९६५ मध्ये भारतीय कोड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

अशा कोड्यांचा काळ ठरवणे अवघड असते, तरी आतल्या वस्तू थोडी साक्ष देतात. रुपया या नावाचे चांदीचे नाणे शेरशहाच्या काळी (१५४०–४५) रूढ झाले, म्हणून लाह्यांचे कोडे सध्याच्या रूपात सोळाव्या शतकामागे नेणे धाडसाचे. रुपयाच्या जागी पूर्वी दुसरे काही असू शकेल. ‘पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब’ याचे उत्तर मक्याचे कणीस असेल, तर मका अमेरिकेतून इकडे आल्यानंतरचे ते कोडे. ‘बारा जण जेवायला, तिघे वाढायला’ हे घड्याळाचे कोडे उघडच अलीकडचे आहे. काहीजण ‘दोघे वाढायला’ म्हणतात. सेकंदकाटा नसलेल्या घड्याळाची ती आठवण असावी.

शेंगा फोडताना, दिवे गेल्यावर, मे महिन्यात जमलेल्या मामे-आतेभावंडांत कोडी रंगतात. उत्तर आले नाही तर ‘हरलो म्हण, मग सांगते’ हा शिरस्ता. भोंडल्याची खिरापत ओळखणे हा याच खेळाचा मुका प्रकार. यजमानीण झाकलेला डबा कानाशी हलवून दाखवते, मुली ‘गोड की तिखट?’ विचारून पदार्थांची नावे घेत सुटतात. खडखडले तर दाणे-फुटाणे, धप्प वाजले तर लाडू किंवा वडी. शिऱ्याचा आवाजच येत नाही, म्हणून हुशार घरे शिरा करतात.

गणिती कोडी : भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) ‘लीलावती’तली उदाहरणे कोड्यांसारखी घातलेली आहेत. ग्रंथ ज्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा भाग मानला जातो, तो ११५० चा. तळ्यात कमळाची कळी पाण्यावर एक वीत (अर्धा हात) आहे. वाऱ्याने कलून ती दोन हातांवर पाण्यात बुडते. तर पाणी किती खोल? देठाची लांबी खोलीहून अर्धा हात जास्त, म्हणून काटकोन त्रिकोणाच्या नियमाने खोली पावणेचार हात येते. ग्रंथातले संबोधन कुठे ‘बाले’ आहे, कुठे ‘गणक’, तर वर्गाच्या उदाहरणात ‘सखे’. ९, १४, २९७ आणि १०,००५ यांचे वर्ग सांग, असे तिथे विचारले आहे. ‘सखे’ हे संस्कृतात पुरुष-मित्राचे संबोधन. तेव्हा सगळा ग्रंथ लीलावती नावाच्या आपल्या मुलीचे मन रमवण्यासाठी लिहिला, ही लोकप्रिय कथा जपून स्वीकारावी. ती अकबराच्या दरबारातला कवी फैजी याच्या १५८७ च्या फारसी भाषांतरापासून ओळखीची झाली.

भास्कराचार्यांचे गाव हाही वादाचा विषय आहे. सह्याद्रीच्या आश्रयाचे ‘विज्जडविड’ असे ते स्वतः सांगतात. नावाच्या साम्यावरून विजापूर, तर काहींच्या मते बीड. चाळीसगावजवळच्या पाटण येथे, भास्करांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा शिलालेख (इ.स. १२०७ च्या सुमाराचा) आहे. विजापूर सह्याद्रीपासून दूर पडते, म्हणून पाटणच्या परिसराचे पारडे जड मानावे लागते.

विसाव्या शतकात देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–८६) यांच्या ६१७४ या अंकाने कोडे घालणाऱ्यांना कायमचे भांडवल दिले. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, पुन्हा तेच. ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हा अंक येतोच आणि आला की हलत नाही.

भौतिकातली कोडी : किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड, हे सर्वांत जुने चलनी नाणे. ‘दोन्ही सारखेच’ या उत्तरावर खेळ संपतो, पण संपू नये. हवेत तोलून दोन्ही पारडी समान झाली असतील, तर कापसाचे वस्तुमान किंचित जास्त असते, कारण हवेची उद्धरणशक्ती त्याला अधिक उचलते. इथे जाणकारही घसरतात : पिंजलेल्या ढिगाचे सगळे आकारमान धरतात. ढिगातल्या पोकळीत हवाच असते. मोजायचे ते तंतूंचे आकारमान. कापसाच्या तंतूची घनता घन सेंमीला सु. १·५ ग्रॅम, म्हणजे किलोमागे सु. ६६० घन सेंमी, तर लोखंडाचे सु. १२७. हवेचे वजन लिटरला सु. १·२ ग्रॅम धरल्यास फरक अर्ध्या ग्रॅमच्या थोडा वर जातो.

काठोकाठ भरलेल्या पेल्यातला बर्फ वितळला तर पाणी सांडत नाही. पेल्यात मिठाचे पाणी असेल, तर मात्र सांडते. तळ्यातल्या होडीतून दगड पाण्यात टाकल्यास पातळी चढते की उतरते, हे कोडे घरीही घालता येते. स्टीलच्या वाडग्यात ३०० ग्रॅमचा काळा दगड ठेवून वाडगे पाण्यात तरंगवावे. दगड वाडग्यात असताना त्याच्या वाट्याचे ३०० मिलि. पाणी दूर सरते, तळाशी गेल्यावर फक्त सु. १०० मिलि.; पातळी उतरते. बादलीत हा उतार जेमतेम तीन मिलिमीटर भरतो आणि समोरचा तो मान्य करत नाही. सोळा सेंमी व्यासाचे पातेले घेतल्यास तोच एक सेंमी होतो.