पार्श्वभूमी : मस्कीचा रॉड साडेआठ फुटांचा कसा झाला

विस्कॉन्सिन किंवा मिनेसोटातल्या मासेमारीच्या दुकानात मस्की या मोठ्या माशासाठीचे रॉड, म्हणजे मासेमारीच्या काठ्या, वेगळे उभे केलेले असतात. आठ-नऊ फूट उंच, काळे, हातभर लांब मुठीचे. दुरून सगळे एकाच घरातले वाटतात. किमतीची चिठ्ठी उलटली की मात्र एकावर शंभर डॉलर, शेजारच्यावर चारशे. शिकागो, मिनिआपोलिस किंवा टोरांटोत राहणारा मराठी माणूस या छंदाकडे नव्याने वळला की त्याला इथेच पहिला प्रश्न पडतो : तीनशे डॉलर वाचवले तर नेमकं काय हातचं जातं? उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं. मस्कीचा रॉड आपणहून फारसा बदलला नाही. आधी ल्यूर, म्हणजे नकली आमिष, बदललं. मग दोरी बदलली. काठी त्यांच्या मागून बदलत गेली.

मस्की म्हणजे मस्कलंज, पाइक या शिकारी माशाच्या कुळातला सगळ्यात मोठा मासा. शास्त्रीय नाव एसॉक्स मास्किनाँजी, आणि त्यामागे ओजिब्वे लोकांचा शब्द आहे. सेंट लॉरेन्स नदी, ग्रेट लेक्स, मिसिसिपीचं वरचं खोरं आणि ओहायोचं खोरं हे त्याचं मूळ घर. विस्कॉन्सिनने १९५५ मध्ये त्याला राज्याचा मासा ठरवलं. तळ्यात तो मुळातच थोडा असतो, आणि ल्यूरच्या मागे बोटीपर्यंत येऊन तोंड न उघडता वळून जाण्यात पटाईत. ‘दहा हजार फेकींचा मासा’ ही म्हण जरा फुगवलेली आहे, पण ती सांगते ते काम खरं आहे. कोकणात गरवायला गेलेला माणूस गरी पाण्यात सोडतो आणि वाट पाहतो. मस्कीवाला दिवसभर उभा राहून शंभर-दोनशे ग्रॅमचं ल्यूर फेकतो, ओढतो, पुन्हा फेकतो. मासा लागला तर लढत काही मिनिटांची; बाकीचे आठ तास रॉड फक्त ओझं वाहतो. हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच सोपं होतं.

सुरुवात बांबूची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून रॉड बनू लागले, तेव्हा त्यासाठी भारतातून जाणारा ‘कलकत्ता’ बांबू वापरत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची जागा चीनच्या टोंकिन बांबूने घेतली. मधल्या काळात पोलादी रॉडही आले. जड, पण न तुटणारे. मस्कीसाठी या काठ्या आखूड असत. बोटी लहान, वल्ह्यांच्या. त्यात लांब काठी अडचणच.

दुसऱ्या महायुद्धात काचतंतू आणि रेझिन यांचं तंत्र पुढे गेलं. आर्थर हॉवाल्ड याने त्यापासून रॉड बनवायची पद्धत काढली आणि मिशिगनमधल्या शेक्सपिअर कंपनीने १९४७ च्या सुमारास ‘वंडररॉड’ बाजारात आणला. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, टोंकिन बांबू मिळेनासा झाला, आणि फायबरग्लासला रान मोकळं मिळालं. सामान्य पगारदाराला परवडेल असा मजबूत रॉड पहिल्यांदा मिळाला तो इथे. शेक्सपिअरचाच ‘अग्ली स्टिक’ १९७६ चा : ग्राफाइट (कार्बनतंतू) आणि फायबरग्लास एकत्र, शेंड्याला भरीव फायबरग्लास. आजही कमी पैशांत मस्कीचा रॉड म्हटलं की पहिलं नाव बहुधा त्याचंच निघतं, आणि ते उगीच नाही.

फायबरग्लासच्या त्या सुरुवातीच्या काळात मासा हाती आला की तो परत पाण्यात जात नसे. मस्कीचे विक्रमही त्याच काळातले. १९४९ च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिनच्या लॅक कुर्ट ओरेय तळ्यात कॅल जॉन्सनने ६७ पौंड ८ औंसांचा मस्की काढला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जवळच्या चिपेवा फ्लोएज या जलाशयात लुई स्प्रेने ६९ पौंड ११ औंसांचा. स्प्रेचा मासा बोटीशेजारी पिस्तुलाने गोळी घालून आत घेतला होता; तेव्हा त्या राज्यात तशी मुभा होती. कोणता विक्रम खरा यावर मस्कीवाले अजून भांडतात. रॉडच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की तेव्हा मासा कसाही आत आला तरी चालत असे.

आखूड, ताठ रॉडची खरी राजवट पुढच्या तीसेक वर्षांची. अँटिगो गावच्या फ्रँक सुइकने १९३० च्या दशकात आणलेलं लाकडी जर्कबेट पाण्यात आपणहून काही करत नाही. रॉडचा शेंडा खाली झटकावा तेव्हा ते बुडी मारतं आणि वर तरंगतं. सहा फुटांपेक्षा लांब रॉडने बोटीतून खाली झटका दिला तर शेंडा पाण्यावर आपटतो. त्यात दोरी डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याची, ताणली की लांबणारी. आणि मस्की लाकडात दात रुतवून ल्यूर घट्ट धरून ठेवतो. गळ तोंडात शिरायचा तर ल्यूर दातांतून सरकलं पाहिजे. एवढी सगळी ढील भरून काढायची म्हणून साडेपाच-सहा फुटांचे असे रॉड चालले, ज्यांना लोक थेट ‘पूल क्यू’, म्हणजे बिलियर्डची काठी म्हणत. १९७० च्या दशकात फेनविकने ग्राफाइट आणलं, रॉड हलके झाले. मस्कीचे मात्र बराच काळ आखूडच राहिले.

बदल दोन बाजूंनी आला. १९६६ मध्ये मिनेसोटात गिल हॅमने ‘मस्कीज इंक’ ही संस्था काढली आणि मासा मोजून सोडून देण्याची चळवळ रुजवली. १९८० च्या दशकात मिनेसोटाने लीच लेकच्या मोठ्या वाढणाऱ्या वाणाची पिल्लं तळ्यांत सोडायला सुरुवात केली. मोठे मासे वाढले, मागे लागणारे लोक वाढले, नियमही कडक झाले. आज मिनेसोटात साधारणपणे ५४ इंचांखालचा मस्की ठेवता येत नाही. मासा सोडायचा आहे म्हणजे त्याला लवकर जवळ घेतलं पाहिजे. हलक्या सामानावर अर्धा तास दमवलेला मस्की पोहत गेला तरी नंतर मरू शकतो, आणि पाणी २७ अंश सेल्सियसच्या आसपास तापलं की धोका आणखी वाढतो. म्हणून घरात पडून असलेला, बास या लहान माशासाठीचा रॉड मस्कीला चालवून पैसे वाचवणं ही वाईट काटकसर. त्याचं नुकसान मासा भरतो.

दुसरा बदल दोरीचा. १९९० च्या दशकात पॉलिथिलीन तंतूंची विणलेली लाइन आली. ती जवळपास ताणतच नाही. बिलियर्डच्या काठीवर ती लावली तर माशाने शेवटच्या क्षणी डोकं झटकलं की गळ उपटून निघतो किंवा रॉड मोडतो, कारण धक्का सोसणारं मध्ये काहीच उरत नाही. मग काठीला वाकावं लागलं आणि लांब व्हावं लागलं. सात फूट, मग आठ, मग साडेआठ-नऊ, दहाही मिळतात. त्याच सुमारास ल्यूर जड होत गेले. रबरी ‘बुल डॉग’चा मोठा अवतार ‘पाउंडर’ तर नावाप्रमाणेच पौंडभराचा, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. दहा नंबरच्या दोन पात्यांचे ‘डबल काउगर्ल’सारखे बकटेल, म्हणजे फिरत्या पात्यांचे झुबकेदार शेपटीचे ल्यूर, वजनाने तेवढे नाहीत, पण पाण्यात इतके ओढ धरतात की संध्याकाळी मनगट बोलू लागतं.

लांबीचा खरा फायदा फेकीपेक्षा बोटीशेजारी दिसतो. ल्यूर बोटीजवळ आलं की शेंडा पाण्यात खुपसून इंग्रजी आठचा आकडा काढायचा, रुंद, वळणावर न थांबता. मागे आलेले मस्की बरेचदा इथेच तोंड मारतात. सहा फुटी काठीने हे करायला कठड्यावर ओणवं व्हावं लागतं आणि वळण इतकं अरुंद होतं की चार फुटांचा मासा त्यात वळूच शकत नाही. साडेआठ फुटी रॉडने उभ्या-उभ्या होतं. म्हणून एकच रॉड घ्यायचा तर साडेआठ फूट, हेवी पॉवर (पॉवर म्हणजे ताठपणा), फास्ट किंवा मॉडरेट-फास्ट अ‍ॅक्शन (वाक मुख्यतः शेंड्याकडे), आणि काठीवर साधारण ३ ते ८ औंसांचा, म्हणजे ८५ ते २२५ ग्रॅमचा ल्यूर-पल्ला छापलेला. ‘हेवी’ या शब्दावर भिस्त ठेवू नये; त्याचं कंपन्यांमध्ये सामाईक माप नाही, एकाचा हेवी दुसऱ्याचा एक्स्ट्रा हेवी असतो. औंसांचे आकडे वाचावेत. पौंडाच्या ल्यूरसाठी हा रॉड नाही, आणि पहिल्या दोन वर्षांत त्या ल्यूरच्या नादी लागायची गरजही नाही.

आता तीनशे डॉलरचा हिशेब. महाग रॉडमध्ये मुख्यतः ग्राफाइटचा मॉड्युलस वाढतो, म्हणजे तेवढाच ताठपणा कमी मालात मिळतो. काठी हलकी होते, भिंत पातळ होते. दिवसभर फेकणाऱ्याला हलकेपणा कळतो, खोटं नाही. पण पातळ भिंत बोटीच्या कडेवर आपटली की तंतूंना बाहेरून न दिसणारी चीर पडते आणि रॉड तीन आठवड्यांनी भलत्याच साध्या फेकीत मोडतो. स्वस्त रॉडमध्ये कमी मॉड्युलसचं ग्राफाइट किंवा काचतंतूंची भेसळ असते. जड, शेंड्याकडे झुकणारा, पण मार खाणारा. नवशिक्याच्या हातात तोच बरा. ‘आयएम ६’, ‘आयएम ७’ या छापांवरून प्रत ठरवू नये. ती मुळात एका तंतू-उत्पादकाची व्यापारी नावं आहेत, प्रमाण नव्हे. बोटीमागे ल्यूर ओढत नेणाऱ्या ट्रोलिंगसाठी तर फायबरग्लासचा स्वस्त रॉड महागाहून सरस ठरतो.

स्वस्तात खरी कसूर होते ती जोडकामात. गाइडच्या, म्हणजे लाइन ज्यांतून जाते त्या कड्यांमध्ये बसवलेलं सिरॅमिक कधी नीट चिकटलेलं नसतं. ते निघालं की ८० पौंडी (तेवढा ताण सोसणारी) लाइन उघड्या धातूवर घासते आणि फेकीतच तुटते, शंभर ग्रॅमचं ल्यूर तळ्यात जातं. दुकानात कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवावी. तंतू अडकला तर तिथे चीर आहे. बुडाकडून एक डोळा मिटून पाहावं, कड्या एका रेषेत हव्यात. शेंड्याची कडी सोडून साडेआठ फुटांत निदान नऊ असाव्यात. कमी असतील तर वाकलेल्या काठीवर लाइन दांड्याला टेकते. मग स्वतःचं रील, म्हणजे लाइन गुंडाळायची चरखी, काठीवरच्या रील सीटमध्ये (तिच्या बैठकीत) कसून मनगट दोन्हीकडे पिळावं. किंचितही खेळ जाणवला तर तो रॉड परत ठेवावा. मोठ्या पात्यांच्या ओढीने तो खेळ महिन्याभरात खडखडाट होतो. मागची मूठ काखेत दाबता येईल इतकी लांब हवी. बुचाची की फोमची, यावर पैसे घालवू नयेत.

बूड आत सरकणारा टेलिस्कोपिक रॉड घ्यावा का? बोटीच्या रॉड-कप्प्यात नऊ फुटी काठी मावत नाही, म्हणून ती सोय आली. सांधा वाळू-मातीने अडकतो किंवा सैल पडतो, त्यामुळे स्वस्तातला घेण्याआधी पाच-सहा वेळा उघडून-मिटून पाहावा. एकसंध लांब रॉड घरपोच मागवला तर अवजड पार्सलचं जादा शुल्क लागतं. वॉरंटीचंही तसंच : तुटलेली काठी परत धाडायचा खर्च आपल्याकडे असेल तर शंभर डॉलरच्या रॉडची वॉरंटी कागदावरच राहते. जवळच्या दुकानातून बदलून मिळत असेल तर दहा-वीस डॉलर जास्त द्यायला हरकत नाही. जुना रॉडही चांगला सौदा ठरतो, कारण मस्कीवाले दर दोन वर्षांनी नवा घेतात. अंगठ्याचं नख बुडापासून शेंड्यापर्यंत फिरवून ओरखडे तपासावेत.

वाचलेले पैसे रीलवर लावावेत. जड ओढीने गिअर आधी झिजतात, काठी नंतर. उरलेल्यातून १३० पौंडी फ्लोरोकार्बनचा किंवा तारेचा लीडर (ल्यूरआधीचा, माशाच्या दातांना टिकणारा तुकडा), रबर चढवलेली मोठी जाळी, लांब नाकाची पक्कड आणि गळ कापणारा कटर घ्यावा. मासा जिवंत सोडणं या चारांवर अवलंबून आहे.

रॉड मोडतात ते बहुतेक सारख्याच तीन-चार कारणांनी. जोरदार फेकीत रीलवर लाइनचा गुंता झाला की ल्यूर हवेत थबकतं आणि सगळा धक्का शेंड्यावर येतो. म्हणून स्पूलचा, म्हणजे लाइन गुंडाळलेल्या फिरत्या रिळाचा, ब्रेक आधी घट्ट ठेवून हळूहळू सैल करावा. लाइन शेंड्याच्या कडीभोवती गुंडाळलेली न पाहता फेकलं तरी तेच. मासा बोटीशेजारी असताना रॉड उभा धरून त्याला उचलू पाहिलं तर सगळा भार वरच्या दोन फुटांवर येतो. काठी खाली, आडवी ठेवावी आणि माशाचं डोकं जाळीकडे वळवावं. आणि ल्यूरचा गळ गाइडच्या कडीत अडकवून ठेवायची सवय मोडावी. तळ्यावरून जाताना बोट उडते, गळ सिरॅमिकवर टकटक आपटतो, टवका निघतो. पुढच्या खेपेला लाइन तिथेच कापली जाते आणि दोष रॉडच्या स्वस्त असण्याला लागतो. मुठीच्या पुढे गळ अडकवायची लहान कडी असतेच, नसेल तर रीलच्या फ्रेमला अडकवावा.