भारत, १८५३ : घटना आणि रेल्वे

भारताच्या आधुनिक इतिहासात इ. स. १८५३ हे वर्ष मुख्यतः बोरीबंदर ते ठाणे या आगगाडीमुळे ओळखले जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारचा नवा सनदी कायदा (कंपनीला राज्यकारभाराचा अधिकार देणारा), वऱ्हाडचे हस्तांतर आणि दोन मराठा गाद्यांचे वारस-प्रश्न हेही याच वर्षातले.

शनिवार, १६ एप्रिल रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास चौदा डब्यांची गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन बोरीबंदरहून सुटली. तोफांची सलामी झाली. वाटेत शीव येथे गाडी थांबवून इंजिनांत पाणी भरले आणि ठाण्याला तंबूंत पाहुण्यांना फराळ देण्यात आला. अंतर २१ मैल (सु. ३४ किमी.). प्रवासाला काही वृत्तान्तांत ५७ मिनिटे, तर काहींत सव्वा तास लागल्याचे आहे. शीवचा थांबा धरला अथवा वगळला, यावरून हा फरक पडला असावा. गाडीला तीन इंजिने होती. साहिब, सिंध व सुलतान ही त्यांची नावे सर्वत्र छापली जातात, पण रेल्वेचे काही अभ्यासक ती उत्तरकालीन मानतात आणि ते मत अधिक सावध वाटते.

‘पहिली रेल्वे’ हा शब्दप्रयोगही जपून करावा लागतो. मद्रासजवळच्या रेड हिल्स येथे १८३७ मध्ये दगड वाहण्यासाठी लोहमार्ग होता. रुडकीजवळ सोलानी जलसेतूच्या कामावर १८५१ मध्ये ‘थॉमसन’ हे वाफेचे इंजिन मातीकाम करीत होते. ठाण्याच्या मार्गावरही नोव्हेंबर १८५२ मध्ये चाचणीची फेरी झाली होती. १६ एप्रिलचा मान सार्वजनिक प्रवासी वाहतुकीपुरता आहे.

हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा. कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार १७ ऑगस्ट १८४९ रोजी झाला. भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. मुंबईतील पुरस्कर्त्यांत जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई यांची नावे येतात. रुळांमधील अंतराचा वाद मात्र या मार्गापुरता नव्हता. सरकारचे सल्लागार अभियंता सिम्स यांनी साडेपाच फूट सुचवले, तर गव्हर्नर-जनरल डलहौसी यांना सहा फूट हवे होते. इंग्लंडात व्यापारमंडळाचे अध्यक्ष असताना तिथला गेजचा झगडा डलहौसींनी जवळून पाहिला होता, त्यामुळे देशभर एकच माप असावे हा त्यांचा आग्रह समजण्याजोगा आहे. अखेर साडेपाच फूट (१,६७६ मिमी.) ठरले, आजची ब्रॉडगेज ती हीच. मीटरगेज (एक मीटर अंतराचे रूळ) १८७० नंतर आले आणि एकाच मापाचा हेतू फसला.

डलहौसींचे रेल्वेविषयक प्रसिद्ध टिपण २० एप्रिलचे आहे. मुंबईची गाडी पाहून ते लिहिले गेले, असे सुलभपणे सांगितले जाते. पण तेव्हा मुंबई-कलकत्ता तारायंत्र नव्हते आणि चार दिवसांत डाक पोचणे शक्य नव्हते. कलकत्ता, मुंबई व मद्रास यांना जोडणारे मुख्य मार्ग या टिपणात सुचवले आहेत. कलकत्ता-आग्रा तारमार्गाचे काम वर्षाच्या अखेरीस सुरू झाले.

२१ मे च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या फौजेच्या) खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवले. ११ डिसेंबरला नागपूरचे रघूजी तिसरे निपुत्रिक वारले आणि पुढल्या वर्षी ते राज्य खालसा झाले. नागपूर व वऱ्हाडचा कापूस डलहौसींच्या टिपणांत उघडपणे येतो. लोहमार्ग नागपूरला १८६७ मध्ये पोचला. झाशीचे गंगाधरराव २१ नोव्हेंबरला वारले. आदल्या दिवशी घेतलेले दत्तक कंपनीने मानले नाही.

ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या सनदी कायद्याने मुलकी सेवेसाठी स्पर्धा परीक्षा आणली आणि गव्हर्नर-जनरलच्या कायदेमंडळाचा विस्तार केला. त्यात एकही भारतीय सभासद नव्हता. सनदेच्या नूतनीकरणापूर्वी बॉम्बे असोसिएशन या मुंबईतील राजकीय संस्थेने पार्लमेंटकडे अर्ज केला होता. ठाण्यापुढे कल्याणपर्यंतचा मार्ग १ मे १८५४ रोजी खुला झाला. बोरघाट ओलांडायला १८६३ उजाडले.