मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि डोळ्यात बसणारी लेन्स: कोकणातल्या घरांसाठी कागदपत्रं, पात्रता आणि पूर्ण प्रक्रिया

गावाला आईबाबा एकटे, मुलगा मुंबईला, आणि फोनवर प्रत्येक वेळी तेच, "माका दिसता रे, कित्याक व्हया आता ऑपरेशन?" आमच्याकडे मोतीबिंदू असाच वर्षानुवर्षं पुढे ढकलला जातो, आधी पाऊस सरू दे, मग गणपती होऊ दे, मग शिमगा. म्हणून सगळं एका जागी लिहितोय, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड तिन्हीकडच्यांना उपयोगी पडेल.

आधी मोतीबिंदू म्हणजे काय ते थोडक्यात. बाहुलीच्या मागे आपलं नैसर्गिक भिंग असतं, ते वयाने गढूळ होत जातं, पावसाळ्यात एसटीच्या काचेवर वाफ धरते तसं, फक्त ती वाफ हाताने पुसता येते, ही थेंबांनी किंवा गोळीने जात नाही. उपाय एकच, गढूळ भिंग काढायचं आणि जागेवर कृत्रिम लेन्स बसवायची. पहिली लेन्स लंडनला १९४९ साली हॅरॉल्ड रिडली नावाच्या डॉक्टरने बसवली. युद्धात विमानाच्या काचेचे तुकडे पायलटच्या डोळ्यात राहिले तरी डोळा बिथरत नाही हे त्याने पाहिलं होतं, त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स त्याने केली. म्हणजे पंचाहत्तरहून जास्त वर्षं जुना उपचार आहे, आईबाबांना "नवीन काहीतरी प्रयोग" वाटत असेल तर हे जरूर सांगा.

आता पात्रता. "पिकू दे, मग काढू" हे डोक्यातून काढून टाका, ते जुन्या पद्धतीच्या काळातलं आहे. बांगड्याचे काटे दिसत नाहीत, समोरून गाडी आली की लाईट फाकते, पायरी चुकते, रोजचं काम अडायला लागलं की डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. उलट फार पिकवलं तर भिंग कडक होतं, काढायला अवघड जातं, आणि कधी कधी डोळ्याचं प्रेशर वाढून नजर कायमची जाते. थंडीतच करायचं असंही काही नाही, पावसाळ्यातही ऑपरेशनं होतात.

पैशाचा मार्ग कुठला ते ठरवा, कारण कागद त्याच्यावर अवलंबून आहेत.

सगळ्यात सोपा मार्ग सरकारी. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्यातून ऑपरेशन आणि लेन्स फुकट मिळते. सुरुवात जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून करा, तिथे नेत्र चिकित्सा अधिकारी तपासतात आणि पुढे ओरोस, रत्नागिरी किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात. गावात शिबिराची तारीख कधी आहे ते आशाताईंना बरोबर माहीत असतं, त्यांना विचारा. कागद फार नाहीत, आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, चालू मोबाईल नंबर, दोन फोटो आणि बीपी-शुगरची जुनी फाईल.

दुसरा मार्ग योजनेचा. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर, आणि पिवळं, केशरी, पांढरं सगळी रेशनकार्डं त्यात येतात. आईचं नाव मुंबईच्या मुलाच्या कार्डावर असलं तरी योजना पूर्ण महाराष्ट्राची आहे, फक्त नाव कार्डावर असायला हवं. वय ७० पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, २०२४ च्या ऑक्टोबरपासून हे चालू आहे, उत्पन्नाची अट नाही, लागतं फक्त आधार, वयही त्याच्यावरच्या जन्मतारखेवरून धरतात. घरबसल्या आयुष्मान अॅपवरून निघतं. मात्र हॉस्पिटल योजनेत आहे म्हणजे तिथे डोळ्याचं ऑपरेशनही योजनेतून होईलच असं नाही, म्हणून गाडी भाड्याने करून निघण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, फोन करून "मोतीबिंदू तुमच्याकडे योजनेत होतो का, आणि कुठली लेन्स बसते" एवढं स्पष्ट विचारा.

तिसरा मार्ग खाजगी विमा. बहुतेक पॉलिसीत मोतीबिंदूला सुरुवातीची २ वर्षं थांबावं लागतं आणि एका डोळ्यामागे रकमेची मर्यादा असते, ती आधी वाचा, कॅशलेससाठी हॉस्पिटलला मंजुरीचा अर्ज काही दिवस आधी पाठवायला सांगा.

आता सगळ्यात जास्त अडतं ते इथे. आमच्या शेजारच्या काकींनी अख्खा जन्म काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या, काजूच्या टरफलाच्या तेलाने बोटांची कातडी जाऊन जाऊन ठसे पुसट झालेले, आधार पडताळणीच्या मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुसून ठेवला, हात धुऊन ठेवला, परत लाल, आणि त्या बिचाऱ्या ओशाळून हात पदरात लपवायला लागल्या. अशा वेळी ठशावर अडून बसायचं नाही, आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीने काम होतं, किंवा चेहऱ्याने पडताळणी करायला सांगा, तीही सोय आहे. म्हणून मोबाईल नंबर आधारला जोडणं हे पहिलं काम, डॉक्टरांच्याही आधीचं. रेशनकार्डावर एक नाव आणि आधारवर वेगळं, आडनाव माहेरचं, जन्मसाल अंदाजे टाकलेलं, हे सगळं चतुर्थीला चाकरमानी घरी येतात तेव्हा बसून जुळवून घ्या, दुरुस्तीला वेळ लागतो आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धावपळ करून काही होत नाही.

तपासणीला रक्त, लघवी, शुगर, बीपी, ईसीजी होतात, डोळ्याचं प्रेशर बघतात, आणि एक मशीन डोळ्याची लांबी मोजतं, त्यावरून लेन्सचा नंबर ठरतो. शुगर चढलेली असेल तर तारीख पुढे जाते, तेव्हा आधीचे पंधरा दिवस पथ्य सांभाळा. बाबांना लघवीसाठी प्रोस्टेटची गोळी चालू असेल, विशेषतः टॅमसुलोसिन, तर ते डॉक्टरांना सांगाच, त्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बुबुळ सैल पडतं आणि सर्जनला आधी तयारी करावी लागते. रक्त पातळ करायची गोळीही सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

लेन्स साधारण दोन प्रकारची, कडक आणि घडीची. कडक लेन्सला छेद मोठा लागतो, घडीची मात्र, फेको मशीनने गढूळ भिंग आतच फोडून काढलं की, दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जाऊन उलगडते. दोन्हींनी दिसतं चांगलं, तेव्हा फुकटात कडक मिळते म्हणून थांबून राहू नका. साध्या लेन्सने लांबचं स्वच्छ होतं, वाचायला मात्र चष्मा लागतो, जवळ-लांब दोन्हीसाठीची मल्टीफोकल महाग असते आणि ती घ्यायलाच हवी असं अजिबात नाही.

ऑपरेशनच्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून जा, दागिने घरी ठेवा, सोबत एक माणूस हवाच, मुलगा पोचू शकत नसेल तर शेजारीही चालतो, संमतीपत्रावर सही पेशंटचीच असते. कुठला डोळा ते सही करण्याआधी वाचून घ्या. भूल फक्त डोळ्यापुरती देतात, काम बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत आटपतं.

घरी आल्यावर चुलीचा धूर नको, विहिरीचं पाणी डोक्यावर ओतणं नको, घागर उचलणं नको, वाकून लावणी तर नकोच. थेंब हात साबणाने धुऊन, वेळ पाळून, चार ते सहा आठवडे. दुखायला लागलं, लाली वाढली, किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आतला जंतुसंसर्ग तासातासाने वाढतो. चष्म्याचा नंबर साधारण महिना-दीड महिन्याने काढतात.

डिस्चार्जच्या वेळी लेन्सचा स्टिकर लावलेलं कार्ड मागून घ्या, त्यावर लेन्सचा नंबर आणि कंपनी असते, ते आधारच्या झेरॉक्ससोबत फाईलमध्ये ठेवा. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धूसर झालं तर मोतीबिंदू पुन्हा आला असं समजू नका, लेन्सच्या मागचा पातळ पापुद्रा गढूळ होतो, तो याग लेसरने काही मिनिटांत साफ करतात, ऑपरेशन लागत नाही. दुसऱ्या डोळ्याची तारीख पहिला नीट बरा झाल्यावरच मिळते, त्या वेळी हीच फाईल आणि हे कार्ड सोबत न्या.