दातांचा विमा आणि उपचारांचा खर्च : आयकरात वजावट कोणाला मिळते, कागद कोणते लागतात

रूट कॅनल, त्यावर कॅप, एखाद्या दाढेच्या जागी इम्प्लांट किंवा घरातल्या ज्येष्ठांसाठी कवळी, असा खर्च झाला की सोलापुरातल्या करसल्लागारांकडे एक प्रश्न हमखास येतो : दातांच्या विम्याचा हप्ता किंवा दवाखान्याचे बिल आयकरातून वजा होते का? आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०डी मध्ये दातांचा वेगळा उल्लेख नाही. तिथे ‘आरोग्यविमा’ आणि ‘वैद्यकीय खर्च’ या दोनच गोष्टी आहेत. म्हणून दातांवरचा खर्च यांपैकी कशात बसतो, रुग्णाचे वय किती, पैसे कोणी आणि कसे दिले, यावर उत्तर ठरते. खालील माहिती आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा, २०२५ लागू होतो आणि त्यात हीच तरतूद कलम १२६ मध्ये आहे.

सर्वांत आधी करपद्धती पाहावी : आयकर मोजण्याच्या जुनी आणि नवी अशा दोन पद्धती आहेत, आणि करदात्याला त्यांतली एक निवडता येते. कलम ८०डी ची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. नवी पद्धत आता आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट नाही. नव्या पद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर, म्हणजे पगारदाराच्या बाबतीत ७५ हजारांच्या प्रमाणित (पगारातून सरसकट मिळणाऱ्या) वजावटीमुळे १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर, सूटीनंतर कर शून्य होतो. ज्यांचे उत्पन्न या मर्यादेत आहे, त्यांनी कर वाचवण्याच्या हेतूने विमा घेण्यात काहीच अर्थ नाही. विमा उपचारासाठी हवा असेल तर जरूर घ्यावा.

हप्त्याच्या वजावटीचे नियम असे आहेत. स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यांच्या आरोग्यविम्यासाठी वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत, आणि त्यांच्यापैकी कोणी ६० वर्षे वा त्याहून अधिक वयाचे असल्यास ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. आईवडिलांसाठी याखेरीज वेगळे २५,००० आणि ते ज्येष्ठ नागरिक असल्यास ५०,००० रुपये धरता येतात. आईवडील आपल्यावर अवलंबून असले पाहिजेत अशी अट नाही. मात्र सासूसासरे आणि भावंडे यात येत नाहीत. सासूसासऱ्यांचा हप्ता पत्नीने स्वतःच्या उत्पन्नातून भरला, तर तो तिच्या विवरणपत्रात तिच्या आईवडिलांसाठी म्हणून दाखवता येतो. हप्ता रोखीने भरलेला चालत नाही. दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल तर तो वर्षांमध्ये विभागून दरवर्षी तेवढाच भाग मिळतो.

विमा नियामक प्राधिकरणाच्या मान्यतेने काम करणाऱ्या विमा कंपनीची आरोग्य पॉलिसी असेल आणि तिच्यात दातांचे संरक्षण किंवा बाह्यरुग्ण उपचारांचे जोड-संरक्षण असेल, तर त्यासाठी भरलेला हप्ता एकूण हप्त्याचाच भाग ठरतो. परंतु आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य पॉलिसी, अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागल्याशिवाय, दातांचा खर्च देत नाहीत. त्यामुळे पॉलिसीतील वगळलेल्या बाबींची यादी सही करण्यापूर्वीच वाचावी. एखाद्या दवाखान्याने वर्षभराच्या तपासणीसाठी आणि सवलतीच्या दरासाठी दिलेले सदस्यत्व कार्ड हा विमा नव्हे, त्याच्या शुल्काला वजावट नाही. नोकरीच्या ठिकाणच्या सामूहिक विम्यातही पगारातून कापलेला आपला वाटाच धरता येतो. प्रतिबंधात्मक तपासणीसाठी याच मर्यादेच्या आत ५,००० रुपये मिळतात आणि ते रोखीने दिले तरी चालतात, पण रूट कॅनल हा उपचार आहे, त्याला तपासणी म्हणता येत नाही.

साठ वर्षांखालील व्यक्तीचे दातांचे बिल, ते कितीही मोठे असो, कलम ८०डी मध्ये बसत नाही. ज्येष्ठांची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते या कलमाचा खरा उपयोग तिथेच आहे. ज्या ज्येष्ठ नागरिकाच्या आरोग्यविम्यासाठी काहीही रक्कम भरलेली नाही, त्याच्या वैद्यकीय खर्चाची ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. ‘वैद्यकीय खर्च’ म्हणजे काय याची व्याख्या कलमात नसली, तरी नोंदणीकृत दंतवैद्याने केलेला उपचार आणि खाण्यासाठी बसवलेली कवळी यांना वैद्यकीय खर्च मानण्यात अडचण नसावी. केवळ दिसण्यासाठी दात पांढरे करून घेतल्याचा खर्च मात्र यात घालू नये.

इथेच दोन चुका वारंवार होतात. पहिली, वडील कवळीचे पैसे रोख देतात आणि मुलगा नंतर ते त्यांना परत करतो. रोख दिलेला खर्च ग्राह्य नाही आणि वजावट पैसे देणाऱ्याचीच असते. ज्याला कर बसतो त्याने स्वतःच्या खात्यातून, यूपीआय, कार्ड किंवा धनादेशाने थेट दवाखान्याला रक्कम द्यावी. दुसरी चूक पावतीची. छोट्या दवाखान्यांतून मिळणाऱ्या चिठ्ठीवर पुष्कळदा ‘आजी – कवळी – २२,०००’ एवढेच लिहिलेले असते. ना पूर्ण नाव, ना तारीख, ना डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. चौकशी झाली तर अशा चिठ्ठीने काहीही सिद्ध होत नाही. उपचार संपल्यावर लगेच, रुग्णाच्या आधारवरील नावाने, उपचाराच्या तपशिलासह सहीशिक्क्याचे बिल मागून घ्यावे. दवाखाने ते देतात, फक्त त्याच दिवशी मागावे लागते.

एक हिशेब पाहू. मुलगा पुण्यात नोकरीला, पगार १५ लाख. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर त्याचे गृहकर्ज आहे आणि तिथे ६८ वर्षांचे, विमा नसलेले वडील राहतात. त्याने स्वतःच्या कुटुंबाच्या विम्याचा १८,४०० रुपये हप्ता भरला आणि वडिलांच्या दातांसाठी ३८,००० रुपये खर्च केले, त्यांतले ८,००० रोख. म्हणजे ग्राह्य रक्कम १८,४०० अधिक ३०,०००, एकूण ४८,४०० रुपये. यात कलम ८०सी चे (भविष्यनिर्वाह निधी, जीवनविमा अशा बचतीचे) दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख आणि जुन्या पद्धतीतल्या प्रमाणित वजावटीचे ५०,००० मिळवले, तरी जुन्या पद्धतीत उपकरासह (करावरील ४ टक्के अधिभारासह) सुमारे १,३३,१०० रुपये कर येतो, तर नव्या पद्धतीत ९७,५०० रुपयेच. पुण्यातल्या घरभाडे भत्त्याची २,४०,००० रुपयांची सूट त्याला मिळत असेल, तर मात्र जुन्या पद्धतीचा कर सुमारे ७७,८०० वर येतो आणि ती फायद्याची ठरते. त्या स्थितीत दात आणि विमा यांच्या वजावटीने वाचलेला कर साधारण १०,०६७ रुपये आहे. हा ताळा प्रत्येकाने स्वतःच्या आकड्यांनी करावा; शेजाऱ्याला जुनी पद्धत परवडली म्हणून आपल्याला परवडेलच असे नाही.

तंबाखू, मिशरी आणि विडी यांचा वापर आपल्या भागात मोठा असल्याने आणखी एका कलमाचा उल्लेख आवश्यक आहे. तोंडाच्या कर्करोगाचा उपचार दातांच्या खर्चात न मोजता कलम ८०डीडीबी खाली स्वतंत्रपणे दाखवता येतो : मर्यादा ४०,००० रुपये, आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास १,००,००० रुपये. कर्करोगतज्ज्ञाचे प्रिस्क्रिप्शन लागते, आणि विमा कंपनीकडून किंवा मालकाकडून मिळालेली रक्कम यातून वजा होते. हे कलमही फक्त जुन्या पद्धतीत आहे, आणि ज्या घरावर हे संकट आले आहे त्यांनी ते सोडू नये.

विवरणपत्र ई-फायलिंग पोर्टलवर भरायचे असते, त्यासाठी आयकर कार्यालयात जावे लागत नाही. पगारदाराने विवरणपत्रातच नव्या पद्धतीतून बाहेर पडण्याचा पर्याय निवडावा. यंत्रमाग, सूतव्यापार किंवा दुकानाचे उत्पन्न असणाऱ्यांना त्यासाठी आधी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नव्या पद्धतीत परतल्यावर धंद्याचे उत्पन्न असेपर्यंत पुन्हा जुनी पद्धत मिळत नाही. दोघांनीही मुदत पाळणे अनिवार्य आहे, कारण उशिरा भरलेल्या विवरणपत्रात जुनी पद्धत निवडता येत नाही. कलम ८०डी च्या तक्त्यात विमा कंपनीचे नाव व पॉलिसी क्रमांक मागितला जातो. मालकाकडे पुरावे देण्याची तारीख हुकली असेल तरी विवरणपत्रात वजावट घेता येते.

कागद विवरणपत्रासोबत जोडायचे नसतात, पण घरी जपून ठेवायचे असतात : हप्त्याचे प्रमाणपत्र, उपचाराची बिले व प्रिस्क्रिप्शन, पैसे दिल्याचे बँकेचे विवरण आणि ज्येष्ठ व्यक्तीच्या वयाचा पुरावा. न झालेला खर्च दाखवल्यास बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीने त्याची पडताळणी करावी.