तोफेच्या नळीतलं सरळ भोक

तोफ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे धूर आणि आवाज उभा राहतो. पण तोफखान्याचं खरं दुखणं दारूत नव्हतं, नळीत होतं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपात तोफा पोकळच ओतत. साच्याच्या मधोमध लोखंडी सळईवर माती थापलेला गाभा उभा करायचा आणि भोवती वितळलेलं ब्राँझ सोडायचं. त्या जड, तप्त धातूच्या रेट्याने गाभा किंचित सरकला, तरी नळी वाकडी. गोळा अडकू नये म्हणून तो मुद्दाम लहान करावा लागे. मग व्हायचं काय, की फटीतून वायू निसटून दारूचा बराच जोर फुकट जायचा आणि सैल गोळा नळीच्या आत आपटत बाहेर पडून भलतीकडेच भरकटायचा.

स्वित्झर्लंडचा ओतारी जाँ मारित्झ आणि त्याच नावाचा त्याचा मुलगा यांनी यावर उपाय शोधला. तोफ भरीव ओतायची आणि नळी मागाहून कोरायची. कोरतानाही तोफ आडवी ठेवून तीच फिरवायची, पातं मात्र न फिरता पुढे सरकत राहील. फिरणारं पातं एकदा भरकटलं की भरकटतच जातं. तोफ फिरत असेल, तर भोक तिच्या आसाला धरून राहतं. धातू कातायच्या लेथ यंत्रावर आजही जॉब, म्हणजे कातायची वस्तू, फिरतो आणि टूल, म्हणजे पातं, फिरत नाही, ते याच कारणाने.

नळी सरळ झाल्यावर गोळा नीट बसू लागला. फट कमी, म्हणून दारू कमी. दारू कमी, म्हणून नळी आखूड आणि पातळ. फ्रान्समध्ये तोफखान्याचा अधिकारी ग्रिबोव्हाल याने १७६५च्या सुधारणांत याचा पुरेपूर फायदा उठवला. १२ पौंडी (म्हणजे १२ पौंडांचा गोळा फेकणाऱ्या) तोफेचं वजन सुमारे ३,२०० पौंडांवरून १,८०० पौंडांच्या आसपास आलं. पुढे नेपोलियनने रणांगणावर भराभर हलवल्या, त्या मुख्यतः याच तोफा.

इंग्लंडमध्ये लोखंडाचा कारखानदार जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये लोखंडी तोफा कोरण्याचं पेटंट घेतलं. त्या वेळी जेम्स वॉट वेगळ्याच विवंचनेत होता: त्याच्या वाफेच्या इंजिनात सिलिंडर आणि त्यात सरकणारा दट्ट्या यांच्या फटीतून वाफ गळत होती. दुखणं तेच, फटीचं! सिलिंडर दोन्ही बाजूंनी उघडा असतो, म्हणून विल्किन्सनने पात्याचा दांडा आरपार नेऊन दोन्ही टोकांना आधार दिला. ५० इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढाही फरक नाही, असं वॉटचा भागीदार बोल्टनने लिहून ठेवलं आहे. १७७६ मध्ये वॉटची पहिली इंजिनं कामाला लागली. त्यांतलं एक विल्किन्सनच्याच भट्टीला हवा पुरवत होतं.

तोफा कोरण्याने विज्ञानालाही मोठी देणगी दिली, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. म्युनिकच्या शस्त्रागारात शास्त्रज्ञ काउंट रमफर्डच्या लक्षात आलं, की कोरताना धातू भयंकर तापतो. उष्णता हा पदार्थांत साठलेला एक द्रव आहे, असं तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ मानत. रमफर्डने मुद्दाम बोथट पातं लावलं, घासला जाणारा भाग पाण्याच्या पेटीत बुडवला आणि घोड्यांच्या बळावर यंत्र चालू केलं. तासाभरात पाणी १०७ अंश फॅरनहाइटला पोचलं, दोन तासांनी १७८ला, आणि अडीच तासांनी चक्क उकळलं. कुठेही जाळ नाही! बघणारे थक्क झाले. घासणं चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते, ती संपत नाही. मग ती साठवलेला पदार्थ असेल कशी? ती गती असली पाहिजे, असा निष्कर्ष त्याने १७९८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला.